न पाहिलेली खिंड

याच अंकात पुढे जिमखाना विभागाचा अहवाल आहे. मुद्रिते तपासायला माझ्याकडेच आली होती, म्हणून तो मी आधीच वाचला. त्यात एक वाक्य आहे : 'जून 2024 मध्ये आपल्या महाविद्यालयाच्या 17 विद्यार्थ्यांनी हिमाचल प्रदेशातील सुमारे 14,000 फूट उंचीची हाम्टा खिंड यशस्वीरीत्या पार केली.' वाक्यात चूक काहीच नाही. मनमाड स्टेशनवर मात्र आम्ही 18 जण गाडीत चढलो होतो. अठरावा मी.

हे लिहावे की नाही, याचा दिवाळीपासून विचार करतो आहे. संपादक मंडळातल्या मॅडम म्हणाल्या, "प्रवासवर्णन दे, छान होईल." पण जी जागा पाहिलीच नाही तिचे प्रवासवर्णन कसे द्यायचे? तेव्हा जिथपर्यंत गेलो तिथपर्यंतचेच लिहितो.

भूगोलाच्या सरांनी प्रथम वर्षाच्या परीक्षेआधी सूचनाफलकावर कागद लावला होता. निम्मा खर्च जिमखाना देणार, निम्मा ज्याचा त्याने. मी नाव दिले तेव्हा माझ्या खिशात बसचे भाडेही नव्हते. एप्रिल-मे हे दोन महिने मी एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला आणि गोण्या शिवायला गेलो. उन्हाळ कांद्याचा हंगाम, काम भरपूर. माझा निम्मा वाटा त्यातून उभा राहिला. बूट राहिले होते. ते वडिलांच्या टोळीतल्या माणसांनी वर्गणी काढून घेऊन दिले.

टोळी म्हणजे काय, हे आपल्यापैकी पुष्कळांना सांगावे लागेल. माझे वडील लासलगावच्या बाजारात हमाल आहेत. हे वाक्य या महाविद्यालयात मी आज प्रथमच लिहितो आहे. प्रवेश अर्जावर 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात मी 'नोकरी' लिहिले होते. वर्गात कुणी विचारले तर म्हणायचो, "मार्केट कमिटीत असतात." हे खोटे नाही. सकाळी सातपासून रात्रीपर्यंत ते तिथेच असतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टेबल-खुर्ची येते, त्याला मी काय करू? राज्यशास्त्राच्या तासाला 1969 चा माथाडी कायदा शिकवला गेला, तेव्हा सर म्हणाले, "कुणाच्या माहितीत माथाडी कामगार आहे का?" मी खाली मान घालून वहीत समास आखत बसलो. घरी खुंटीला वडिलांचा बिल्ला टांगलेला असतो, तो सबंध तासभर डोळ्यांसमोर हलत होता.

असो. ही मूळ गोष्ट नव्हे. (की हीच आहे, मला नक्की सांगता येत नाही.)

निघताना आईला मी एक गोष्ट सांगून बसलो होतो. हाम्टा खिंडीच्या अलीकडे कुल्लूचे खोरे आणि पलीकडे लाहौल. पलीकडे उतरले की छत्रू नावाच्या ठिकाणी चंद्रा नदी लागते. ती पुढे तांडी येथे भागा नदीला मिळते आणि दोघींची चंद्रभागा होते. पंजाबच्या नकाशात आपण जिला चिनाब म्हणतो ती हीच. भूगोलाचे हे ज्ञान मी मोठ्या ऐटीत आईसमोर पाजळले. तिने ऐकले ते एवढेच की पोरगा चंद्रभागेला चालला आहे. आषाढी तोंडावर आली होती. तिने बाटली दिली आणि म्हणाली, "भरून आण."

दिल्लीहून रात्रभर बस, मग मनाली. तिथून गाडीने जोब्रापर्यंत आणि पुढे पायी. पहिले दोन दिवस मी सर्वांच्या पुढे होतो. भोजपत्राची झाडे, धबधबे, हिरवी कुरणे, हे सारे अहवालात आले आहे. मला आठवते ते एवढेच की मागून येणारे मित्र धापा टाकत होते आणि मला त्याचे सुख होत होते. नवे रंगीत कोट, नव्या काठ्या घेऊन आलेली ही मुले. आणि खळ्यावर काम केलेला मी. आपल्या कळसूबाईची उंची 1,646 मीटर, म्हणजे 5,400 फूट. ते शिखर मी अकरावीत असताना एका दमात चढलो होतो. ही खिंड म्हणजे अडीच कळसूबाई, असा माझा हिशेब होता.

हिशेब असा नसतो, हे सरांनी वाटेत दोनदा समजावले होते. वर गेले तरी हवेतील प्राणवायूचा वाटा तोच राहतो, 21 टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. चौदा हजार फुटांवर तो समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्के उरतो. त्यामुळे दर श्वासाला छातीत जाणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. शरीर हळूहळू जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. माणूस तरुण आहे, धट्टाकट्टा आहे, याचा इथे उपयोग नसतो. उलट धट्टेकट्टेच भराभर चढतात आणि अडकतात. सर हे सांगत होते तेव्हा मी पुढच्या वळणावर उभा राहून मागच्यांना हाका मारत होतो.

बालू का घेरा हा आमचा तिसरा मुक्काम. बालू म्हणजे वाळू. सुमारे बारा हजार फुटांवर नदीच्या काठी सपाटी आहे. तंबू लागले. सूर्य डोंगराआड गेला तशी थंडी अंगावर आली आणि माझ्या कपाळाच्या दोन्ही बाजूंनी कुणीतरी बोटे दाबल्यासारखे दुखू लागले. रात्री खिचडी होती. ताटातला वास आला नि पोटात ढवळले. "मला भूक नाही," असे म्हणून ताट शेजारच्याला दिले. त्याने आनंदाने खाल्ले. झोप लागलीच नाही. रात्री केव्हातरी तंबूबाहेर पडलो आणि एका धोंड्यामागे ओकलो. वर पायाने वाळू लोटली. मांजर लोटते तशी. मग आकाशाकडे पाहिले. इतक्या चांदण्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या आणि एकही बघवत नव्हती.

पहाटे चारला गाईडने रांगेत उभे करून एकेकाला विचारले, "सिरदर्द? उल्टी? नींद?" तो कुल्लूकडचा, कमी बोलणारा माणूस. बोटाला लावायचे ते छोटे यंत्र त्याच्याकडे होते. बाकीच्यांचे आकडे 85 च्या पुढेमागे आले, माझा 80. त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "हाथ ठंडे हैं." हेही खोटे नव्हते, हात गारठले की आकडा चुकतो. त्याने पुन्हा विचारले, "उल्टी?" मी म्हणालो, "नहीं."

'मार्केट कमिटीत असतात' म्हणताना निदान शब्द तरी खरे असत. हे सरळ खोटे होते.

मी खोटे का बोललो, ते आज नीट सांगता येते. दोन महिन्यांची मजुरी, टोळीचे बूट, आईची बाटली. शिवाय वडिलांनी सगळ्या यार्डात सांगून ठेवले होते की पोरगा हिमालयात जातो आहे. आमच्या घरातून कुणी बारावीपुढे गेलेले नाही आणि नाशिक जिल्ह्याबाहेर कुणी गेले असेल तर पंढरपूरला. अर्ध्यातून परत आलो असे सांगायला मला तोंड नव्हते.

उजाडता उजाडता निघालो. ऊन चढले की बर्फ मऊ पडते आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततो, म्हणून लवकर निघायचे. थोड्याच वेळात बर्फ लागले. गाईड पुढे होऊन बुटाच्या टोकाने पायऱ्या पाडत होता आणि आम्ही त्याच खळग्यांत पाय देत चाललो होतो. डावीकडे, उजवीकडे काय होते म्हणून विचाराल तर मला सांगता यायचे नाही. इंद्रासन शिखर दिसले म्हणतात. 6,221 मीटर. मला पुढच्याचे बूट दिसत होते. तपकिरी, मागे लाल पट्टी. वीस पावले मोजायची आणि थांबायचे असे ठरवले. मग पंधरा झाली. मग आठ. डोक्यात प्रत्येक पावलाला घण बसत होता. दोन दिवस ज्यांना मी मागे टाकले होते ते एकेक करून पुढे गेले. जाताना "काय रे, आज दमलास?" एवढे म्हणण्याइतके चांगलेही होते.

आणि वरून एक माणूस उतरत आला.

आमच्या सामानाबरोबर तीन भारवाहक होते. खेचरे बालू का घेरापर्यंतच येतात. जूनमध्ये पुढे बर्फ असते, तिथे माणूसच लागतो. तिघेही नेपाळचे. त्यांतल्या वयस्काला सगळे 'दाजू' म्हणत. दाजू म्हणजे मोठा भाऊ. सामान जास्त होते, माणसे तीनच. म्हणून दाजू मध्यरात्रीनंतर निघून पहिली खेप खिंडीत टाकून आला होता आणि दुसरी आणायला रिकामा खाली चालला होता. खेप हा शब्द मी लहानपणापासून ऐकतो आहे. रात्री वडिलांचे पाय चेपताना विचारायचो, "नाना, आज किती खेपा?"

दाजू माझ्याजवळ थांबला. काही न बोलता माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी हसायला गेलो आणि त्याच्या समोरच ओकलो. पोटात पाण्याशिवाय काही नव्हते.

"रात को भी हुआ?" त्याने विचारले.

मी गप्प.

"सर को बोलो. तुम नहीं बोलेगा तो मैं बोलेगा."

मी त्याला म्हणालो, "दाजू, बस थोडाही बाकी है."

तो म्हणाला, "थोडा नहीं है. ऊपर पास है, उसके बाद उतराई है, उसके बाद सियागोरू. उधर भी हाइट है. उधर बिगड़ेगा तो वापस ये पास चढ़ के आना पड़ेगा." मग तोंडात दोन बोटे घालून त्याने शीळ घातली.

गाईड आणि सर दोघेही मागे आले. सगळे कबूल करावे लागले. सर काही बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरे झाले असते. गाईडने बर्फात काठीने एक रेघ ओढली आणि तिच्यावरून टाचेला बोटे लावत चालायला सांगितले. मेंदूला सूज येऊ लागली तर माणसाचा तोल जातो, ती ही परीक्षा. मी सरळ चाललो. त्या दिवशी पास झालेली माझी ही एकमेव परीक्षा. "अच्छा है," गाईड म्हणाला, "लेकिन नीचे. अभी." खिंड किती राहिली, असे मी विचारले. तो म्हणाला, "सात सौ फीट होगा."

सातशे फूट. लासलगाव स्टेशनपासून आमच्या घरापर्यंतसुद्धा याहून जास्त अंतर आहे. मी बर्फात बसून रडलो हे लिहिलेच पाहिजे, कारण दोन मित्रांनी ते पाहिले आहे आणि आजवर कुणालाही सांगितलेले नाही. त्यांतल्याच एकाने माझ्या सॅकमधून आईची बाटली काढून स्वतःच्या खिशात घातली.

दाजूने माझी सॅक न विचारता पाठीवर टाकली. मी "राहू दे" म्हणालो, मराठीतच. तो हसला आणि उतरू लागला. उतरताना तो मला टाच कशी मारायची ते दाखवत होता. मध्येच थांबून पाणी पाजत होता, एका वेळी दोनच घोट. रिकाम्या पाठीने मी त्याच्यामागून चाललो होतो आणि मला सारखे वाटत होते की यार्डातले कुणी बघेल. हमालाचा पोरगा, हमालाला ओझे देऊन चाललेला. तिथे यार्डातले कोण बघणार होते? पण वाटायचे ते वाटतेच.

तळावर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले असतील. डोके पुष्कळ हलके झाले होते. तिथे खेचरवाला आणि त्याचा पोरगा होता. दुसऱ्या खेपेचे ओझे बांधून तयार होते. रात्रीच्या स्वयंपाकाची पातेली, तांदळाची पिशवी, गॅसची टाकी, दोन तंबू. तीस किलोच्या आत नसेल. दाजूने एक कप चहा घेतला. मग ओझ्याकडे पाठ करून उकिडवा बसला आणि नाम्लो कपाळावर चढवला. नाम्लो म्हणजे ओझ्याखालून घेतलेल्या दोरीला असलेला पट्टा. सगळा भार कपाळावर आणि मानेवर येतो; हात मोकळे राहतात. आमच्याकडे असे नाही. आमच्याकडे गोणपाटाची खोळ डोक्यावरून पाठीवर सोडतात, वाकतात, आणि पोते पाठीवर येते.

पण उठताना लागते ती उचल सगळीकडे सारखीच. माणूस अर्धा उठला की त्याच क्षणी मागून ओझे वर लोटायचे असते. आधी लोटले तर तो तोंडावर पडतो, नंतर लोटले तर कमरेत चमक भरते. खेचरवाल्याचा पोरगा पुढे आला होता, त्याला मी बाजूला केले. गुडघे वाकवले, दोन्ही तळवे ओझ्याच्या बुडाखाली घातले आणि दाजूचा श्वास ऐकत राहिलो. त्याने श्वास धरला तशी उचल दिली. ओझे अलगद वर गेले.

दाजू उभा राहिला. मान वळवता येत नव्हती, म्हणून सगळाच वळला. "तुम ये काम जानता है?"

"मेरे पिताजी यही काम करते हैं," मी म्हणालो.

"कहाँ?"

"नासिक के पास. प्याज के मार्केट में. हमाल हैं."

"कितना किलो उठाते हैं?"

"अभी पचास. पहले सौ का बोरा था."

"सौ!" दाजू म्हणाला. त्याच्या तोंडावर जे उमटले तसे वडिलांच्या कामाविषयी बोलताना मी कुणाच्याच तोंडावर पाहिले नव्हते. मी इतरांना सांगितलेच कुठे होते म्हणा. "सौ किलो. पीठ पर?"

"पीठ पर."

त्याने काठीने जमिनीवर दोनदा ठोकले, "ठीक है, भाई, अब नीचे जाओ," म्हणाला आणि बर्फाकडे चालू लागला. त्या घटकेपर्यंत ऊन चांगलेच चढले होते. बर्फ मऊ पडले असणार. तो बराच वर जाईपर्यंत मी पाहत होतो. प्रत्येक पावलाला पाय पुरता उचलून पुढे टाकत होता, एकाच लयीत, कुठेही न थांबता. मग एका उंचवट्यामागे दिसेनासा झाला.

दुपारी खेचरवाल्याबरोबर मी चिकाच्या कुरणापर्यंत उतरलो. तिथे सुमारे दहा हजार फुटांवर डोके असे थांबले की कुणी टोपी काढून घ्यावी. चार पोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मनालीला जाऊन धर्मशाळेत दोन दिवस सगळ्यांची वाट पाहिली. ते छत्रूहून गाडीने आले, अटल बोगद्यातून. 2020 साली सुरू झालेला हा नऊ किलोमीटरचा बोगदा, त्यातून मात्र पीर पंजालची रांग पार करायला कसलेच कष्ट पडत नाहीत. मित्राने बाटली हातात ठेवली. पाणी राखी रंगाचे, तळाशी बारीक गाळ. "पण तिथे नुसती चंद्रा असते बरं का," तो म्हणाला, "भागा पुढे आहे." आईला अर्धीच चंद्रभागा मिळाली. तिने ती देव्हाऱ्यात ठेवली आहे.

मंडळी भारी खुशीत होती. फोटो दाखवले. खिंडीपलीकडे हिरवे काहीच नाही, नुसते उघडेबोडके करडे डोंगर, जणू कुणी कापून दुसरा देश जोडला आहे. माझी चौकशी सगळ्यांनीच केली. तक्रार एकच होती. सियागोरूच्या मुक्कामावर त्या दिवशी जेवण फार उशिरा मिळाले. पातेली दुसऱ्या खेपेत होती ना. आणि ती खेप दिवेलागणीला पोचली.

मी काही बोललो नाही. मी खाली घेऊन जाण्यासारखा नसतो, दाजू आपल्या वेगाने उतरला असता आणि बर्फ मऊ पडायच्या आत परत चढला असता, तर जेवण वेळेवर झाले असते. हे त्यांना माहीत नव्हते. आता छापून येईल.

घरी पोचलो त्या रात्री वडिलांना सगळे सांगितले. परत फिरलो तेही, रडलो तेही. ते भाकरी कुसकरत ऐकत होते. बूट कोपऱ्यात होते, त्यांच्याकडे एकदा पाहिले. परत फिरण्याविषयी ते काहीच बोलले नाहीत. विचारले ते नाम्लोविषयी. कपाळावर? मग मान मोडत नाही का? उतारावर काय करतो? मी सुतळीच्या पट्टीने दाखवले. त्यांनी कपाळाला लावून ताणून पाहिली आणि मान हलवली.

"तू उचल बराबर दिली ना?"

"दिली."

"मग तुझ्यापायी त्याची खेप लांबली असंल. पोचला का उजेडात?"

"पोचला, नाना. दिवेलागणीला."

"अन् मग त्याचं जेवण?"

ते मी कुणालाच विचारले नव्हते.